भिंगें घासणारा जोसेफ फ्राउनहोफर

दूरच्या तारकेपासून आपणांकडे जो प्रकाश येतो तो अत्यंत थोडा असतो. वर्षानुवर्षें वाट चालून तो दुर्बिणीच्या भिंगापाशीं पोंचतो, आणि तेथें भिंगाच्या दोषामुळें जर तो फांकला किंवा वाया गेला, तर तो परत मिळविण्याचा कांहींच उपाय नसतो. म्हणून ज्योतिर्विद्येच्या इतिहासांत आकाश पाहणाऱ्यांच्या जोडीला कांच वितळविणाऱ्यांचीं व भिंगें घासणाऱ्यांचीं नांवेंही आदरानें घ्यावीं लागतात. बव्हेरियांतील जोसेफ फ्राउनहोफर याचें नांव त्यांत पहिल्या रांगेंत येतें. शाळा त्याला फारशी लाभली नाहीं. आयुष्यही अवघें एकोणचाळीस वर्षांचें लाभलें. तरीपण सूर्याच्या व ताऱ्यांच्या प्रकाशांत काय दडलें आहे, तें बारकाईनें मोजण्याची रीत जगाला या कारागिराच्या हातून मिळाली.

जोसेफचा जन्म ६ मार्च १७८७ रोजीं डॅन्यूब नदीच्या कांठीं असलेल्या स्ट्राउबिंग या गांवीं झाला. बाप कांचकामाचा धंदा करी. अनेक भावंडांत जोसेफ सर्वांत धाकटा. वडिलांच्या दुकानांत कांच हाताळीतच तो वाढला. परंतु १७९७ सालीं आई व पुढच्याच वर्षीं वडील वारले, आणि अकराव्या वर्षीं मुलगा पोरका झाला. ज्यांच्याकडे त्याचें पालकत्व आलें त्यांनीं त्याला प्रथम एका काताऱ्याकडे ठेविलें; पण त्या कामाला लागणारी ताकद त्याच्या अंगांत नव्हती. मग १७९९ सालीं त्याला म्यूनिक येथें वाइक्सेलबर्गर नांवाच्या दरबारी आरसेवाल्याकडे उमेदवारीस धाडण्यांत आलें. करार सहा वर्षांचा, आणि पगार कांहींच नाहीं. धनी शिकवी थोडें आणि राबवी फार. कारागिरांच्या मुलांसाठीं सुटीच्या दिवशीं एक शाळा भरत असे; तिला जाण्यासही तो मोकळीक देईना. रात्रीं वाचीत बसण्याचीही मनाई होती. ज्या मुलाच्या हातून पुढें प्रकाशाचें शास्त्र इतकें वाढावयाचें होतें, त्याला वाचावयास दिवासुद्धां मिळूं नये, ही त्या काळच्या उमेदवारीची तऱ्हा होती.

२१ जुलै १८०१ रोजीं धन्याचें तें घर एकाएकीं कोसळलें. धन्याची बायको त्यांत ठार झाली. जोसेफ मात्र पडलेल्या तुळयांच्या पोकळींत अडकून जिवंत राहिला. त्याला बाहेर काढावयास कित्येक तास लागले. बव्हेरियाचा अधिपति मॅक्सिमिलियन जोसेफ (हाच पुढें १८०६ सालीं राजा झाला) स्वतः त्या ठिकाणीं आला होता. मुलगा वांचलेला पाहून त्याला आनंद झाला व त्यानें त्यास अठरा डुकाट बक्षीस दिले. त्या गर्दींत युट्झश्नायडर नांवाचा एक सरकारी अधिकारी व उद्योगी गृहस्थही होता. त्यानें मुलाची विचारपूस केली, आणि पुढें गणिताचीं व प्रकाशशास्त्राचीं पुस्तकें त्याला मिळवून दिलीं.

ही हकीकत पुष्कळ ठिकाणीं सांगितली जाते, व ती सांगतांना राजाच्या औदार्याचें वर्णन होतें. आम्हांस मात्र त्या अठरा डुकाटांचें चौदा वर्षांच्या मुलानें काय केलें, तें अधिक पाहण्यासारखें वाटतें. त्यानें त्या पैशांतून कांच घासण्याचें एक यंत्र विकत घेतलें. आणि उमेदवारीची जी थोडी मुदत शेवटीं उरली होती, ती पैसे भरून सोडवून घेतली. नंतर स्वतःचा धंदा करावा म्हणून तो भेटीच्या पत्रिकांसाठीं ठसे कोरूं लागला. पण लढायांचे दिवस, पत्रिका कोण छापून घेणार? धंदा बुडाला आणि त्याला पुन्हां जुन्या धन्याकडे रोजंदारीवर जावें लागलें.

१८०६ सालीं त्याचें नशीब पालटलें. युट्झश्नायडर, राइखेनबाख व लीबहेर या तिघांनीं म्यूनिक येथें मोजणीचीं यंत्रें करण्याचा कारखाना काढला होता, त्यांत एकोणीस वर्षांचा फ्राउनहोफर भिंगें घासण्याच्या कामावर लागला. नेपोलियनच्या लढायांमुळें देशोदेशीं अचूक नकाशांची गरज होती, पण यंत्रांना लागणारी चांगली कांच इंग्लंडांतून येणें दुरापास्त झालें होतें. म्हणून युट्झश्नायडरनें आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या बेनेडिक्टबॉयर्न येथें कांचेची भट्टीच उभारिली. हा मूळचा बेनेडिक्टाईन संन्याशांचा जुना मठ. १८०३ सालीं सरकारनें तो बंद केल्यावर युट्झश्नायडरनें त्याच्या इमारती विकत घेतल्या होत्या. पुढच्याच वर्षीं फ्राउनहोफर तेथें रहावयास गेला.

त्या भट्टीवर पिएर लुई गिनां नांवाचा एक स्विस कारागीर होता. दुर्बिणीच्या भिंगास लागणारी कांच आणि खिडकीची कांच यांत किती अंतर आहे, हें त्याला पुरतें ठाऊक होतें. कांचेचा रस मुशींत थंड होत असतां त्यांतील शिशाचा जड भाग खालीं बसतो, हलका वर राहतो, आणि कांचेंत पाकाच्या तारांसारख्या रेघा उमटतात. अशा कांचेंतून गेलेला किरण सरळ कसा जाणार? गिनांनें भाजलेल्या मातीच्या दांड्यानें तो तप्त रस ढवळीत राहण्याची युक्ति काढिली होती, व तिच्यामुळें मोठमोठे एकजिनसी तुकडे मिळूं लागले. युट्झश्नायडरच्या आज्ञेवरून गिनांनें ही विद्या तरुण फ्राउनहोफरला शिकविली. तें त्याला गोड वाटलें असेल असें दिसत नाहीं. थोड्याच वर्षांत शिष्यानें रीत सुधारली, भट्टीचा कारभारही त्याच्याकडे आला, आणि १८१४ सालीं गिनां स्वित्झर्लंडला निघून गेला. फ्राउनहोफरचें श्रेष्ठत्व सांगतांना या म्हाताऱ्याचें ऋण विसरणें बरें नव्हे.

आतां त्याचें मुख्य काम समजावयाचें तर भिंगाचा एक दोष आधीं ध्यानांत घ्यावयास हवा. पांढरा प्रकाश अनेक रंगांचा बनलेला असतो व कांचेंतून जातांना प्रत्येक रंग निरनिराळ्या प्रमाणांत वांकतो. त्यामुळें एकाच भिंगाच्या दुर्बिणींतून ताऱ्याभोंवतीं रंगीत झालर दिसते. हा दोष घालविण्याकरितां दोन जातींच्या कांचांचीं भिंगें जोडून बसवितात. एकानें फोडलेले रंग दुसरें पुन्हां एकत्र आणतें. परंतु हें जुळण्यासाठीं प्रत्येक कांच प्रत्येक रंगाला नेमकी किती वांकविते याचें माप पाहिजे. तोंपर्यंतचे कारागीर अंदाजानें घाशीत, लावून पाहत, पुन्हां घाशीत. फ्राउनहोफरला ही आंधळी कोशिंबीर पसंत नव्हती. आधीं मोजावें आणि मग घासावें, असा त्याचा बाणा होता. पण मोजावयाचें कसें? वर्णपटांत तांबडा कोठें संपतो आणि नारिंगी कोठें सुरू होतो, हें कोण सांगणार? रंग एकमेकांत असे मिसळलेले असतात कीं, त्यांत बोट ठेवण्याजोगी एकही खूण नाहीं.

खुणेच्या शोधांत असतां दिव्याच्या ज्योतीच्या वर्णपटांत त्याला पिवळ्या रंगाच्या जागीं एक ठळक तेजस्वी रेषा आढळली. तशीच रेषा सूर्यप्रकाशांत आहे काय, हें पाहण्यासाठीं त्यानें १८१४ च्या सुमारास एका खोलींत अंधार केला, खिडकीच्या झडपेंत एक अरुंद फट ठेविली, आणि तिच्यापासून चोवीस फुटांवर थिओडोलाइट यंत्रावर उत्तम कांचेचा लोलक बसवून त्यामागील लहान दुर्बिणींतून पाहिलें. पहावयास गेला एक तेजस्वी रेषा, आणि दिसल्या असंख्य काळ्या रेषा! तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सबंध वर्णपट उभ्या काळ्या रेघांनीं विंचरल्यासारखा दिसत होता. इंग्लंडांत वोलस्टन यानें १८०२ सालीं अशा थोड्या रेषा पाहिल्या होत्या, पण त्या रंगांच्या हद्दी असाव्यात असें समजून तो पुढें गेला नाहीं. फ्राउनहोफरनें ५७४ रेषा मोजल्या, त्यांतील शेंकडों नकाशांत मांडल्या, आणि ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशीं अक्षरें दिलीं. जेथें दिव्याच्या उजेडांत पिवळी रेषा चमके, नेमकी तेथेंच सूर्याच्या वर्णपटांत 'डी' ही काळी जोडरेषा होती.

त्याला हव्या होत्या त्या खुणा मिळाल्या. आतां कोणत्याही कांचेचें माप रेषेरेषेला घेतां येऊं लागलें व भिंगाचा आकार कागदावर आधीं ठरवितां येऊं लागला. दुसरा एखादा कारखानदार येथेंच समाधान पावला असता. पण त्यानें शुक्राकडे पाहिलें, तेव्हां सूर्याच्याच रेषा दिसल्या. शुक्र सूर्याच्या प्रकाशानें चमकतो, तेव्हां हें रास्तच होतें. मग व्याधाच्या ताऱ्याकडे पाहिलें, तों तेथें रेषा निराळ्याच! पुढें दुर्बिणीच्या तोंडाशीं मोठा लोलक बसवून त्यानें आणखी कांहीं ठळक तारे तपासले. ज्या अर्थी ताऱ्यागणिक रेषा बदलतात, त्या अर्थी त्या यंत्राच्या दोषानें किंवा आपल्या हवेमुळेंच उत्पन्न होतात असें म्हणतां येईना. त्यांचें कारण सूर्यांत व ताऱ्यांतच असलें पाहिजे. तें कारण कोणतें, हें त्याच्या हयातींत उलगडलें नाहीं. १८५९ सालीं हायडेलबर्ग येथें किर्खोफ व बुन्सेन यांनीं दाखविलें कीं, प्रत्येक मूलद्रव्याची वायु आपापल्या ठराविक रेषा शोषून घेते. डी रेषा म्हणजे सोडियमची खूण.

लोलकानें रंग किती पसरावे हें त्याच्या कांचेवर अवलंबून असतें. म्हणून दोन लोलकांचे वर्णपट एकमेकांशीं ताडून पाहणें अवघड. त्यावरही त्यानें तोड काढिली. बारीक आट्यांच्या दोन स्क्रूंवर २६० तारा समांतर ताणून त्यानें १८२१ सालीं एक जाळी तयार केली. त्या तारांच्या फटींतून जातांना प्रकाशाच्या लाटा अशा वळतात कीं, लोलकाशिवायच वर्णपट उमटतो, आणि तारांमधील अंतर ठाऊक असल्यास प्रत्येक रंगाच्या लाटेची लांबी गणितानें काढतां येते. पुढें कांचेवर हिऱ्याच्या टोंकानें रेघा ओढून त्यानें याहून पुष्कळ सूक्ष्म जाळ्या केल्या. डी रेषेच्या लाटेची जी लांबी त्यानें काढिली, ती आजच्या मापाशीं फारच जवळून जुळते.

एवढें करूनही विद्वानांच्या सभेंत त्याला सहज जागा मिळाली नाहीं. १८१७ सालीं बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीनें त्याला बाहेरचा पत्रव्यवहारी सभासद केलें. पण अधिक मानाची जागा देण्याची गोष्ट निघतांच कांहीं सभासदांनीं हरकत घेतली. ज्याला विद्यापीठाचें शिक्षण नाहीं अशा कारागिरानें पंडितांच्या शेजारीं बसावें, हें त्यांना रुचेना. पुढें तो विरोध मावळला. १८२२ सालीं एर्लांगेन विद्यापीठानें त्याला सन्मानाची डॉक्टर पदवी दिली, १८२३ सालीं तो अकादमीच्या पदार्थविज्ञान संग्रहाचा प्रमुख झाला, आणि १८२४ सालीं राजानें त्याला सरदारकी दिली. त्याच्या नांवामागें 'फॉन' लागतें तें तेव्हांपासून. एक गोष्ट मात्र येथें सांगितली पाहिजे: प्रकाशाविषयींचे आपले शोध तो मोकळ्या मनानें छापी, पण कांच करण्याची कृति कारखान्यानें कडेकोट गुप्त ठेविली. इंग्लंडांत फॅरडेसारख्या शास्त्रज्ञानें १८२५ पासून कांहीं वर्षें चांगल्या कांचेसाठीं खटपट केली, तिला तितकें यश आलें नाहीं. व्यापाराच्या दृष्टीनें ही गुप्तता समजण्याजोगी असली, तरी विद्येच्या दृष्टीनें ती सुखाची वाटत नाहीं.

त्याच्या हातची सर्वांत थोर दुर्बीण रशियाच्या साम्राज्यांतील डोर्पाट येथील वेधशाळेसाठीं १८२४ सालीं रवाना झाली. भिंगाचा व्यास सुमारें २४ सेंटिमीटर. तेवढें निर्दोष भिंग तोंवर जगांत कोठेंच नव्हतें. तिला घड्याळाप्रमाणें चालणारें एक यंत्र जोडलें होतें, त्यामुळें पृथ्वी फिरत असतांही तारा दृष्टीपुढून सरकत नसे. तिच्यामधून विल्हेल्म स्ट्रुव्हे यानें सुमारें १,२०,००० तारे तपासून ३,११२ जोडताऱ्यांची यादी १८२७ सालीं प्रसिद्ध केली. डोर्पाट म्हणजे आजच्या एस्टोनिया देशांतील टार्टू. ती दुर्बीण तेथील जुन्या वेधशाळेंत अद्याप जपून ठेविली आहे.

ती यादी पाहण्यास फ्राउनहोफर राहिला नव्हता. मूळची अशक्त प्रकृति, त्यांत भट्टीची धग आणि शिशाचा धूर. अखेर क्षयानें त्याला ग्रासलें. ७ जून १८२६ रोजीं म्यूनिक येथें त्याचा अंत झाला. त्याचा जुना वडील सहकारी राइखेनबाख थोडेच दिवस आधीं वारला होता. त्याच्याच शेजारीं त्याला पुरण्यांत आलें. त्याच्या कारखान्याचीं यंत्रें मात्र पुढेंही बोलत राहिलीं. त्याच्या रचनेच्या यंत्रानें बेसेलनें कोनिग्सबर्ग येथें १८३८ सालीं हंस राशींतील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचें अंतर काढिलें, आणि त्याच्याच कारखान्याच्या दुर्बिणींतून बर्लिन येथें १८४६ सालीं गाले याला नेपच्यून ग्रह दिसला. १८६८ सालीं आपल्या देशांत गुंटूर येथें खग्रास सूर्यग्रहण पाहतांना जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानें सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट तपासला, तोही फ्राउनहोफरनें घालून दिलेल्या वाटेनेंच.

ती वाट आज कोठें येऊन पोंचली आहे, हें थोडें सांगितल्यावांचून हें चरित्र पुरें होत नाहीं. वर्णपट घेण्याचें यंत्र जसजसें मोठें होत गेलें तसतसें तें दुर्बिणीच्या शेपटाला लटकविणें अवघड झालें. दुर्बीण वळली कीं तें किंचित् वांके आणि रेषा सरकत. शिवाय एका वेळीं एकच तारा फटीवर धरावयाचा व शेजारचे शेंकडों सोडून द्यावयाचे, म्हणजे प्रकाशाची केवढी नासाडी! यावर उपाय निघाला तो प्रकाशतंतूंचा, ज्यांना ऑप्टिकल फायबर म्हणतात. हा केंसासारखा बारीक कांचेचा धागा. त्याचा गाभा एका कांचेचा आणि भोंवतालचें कवच किंचित् कमी वक्रीभवन करणाऱ्या कांचेचें. त्यामुळें आंत शिरलेला किरण कवचावर आपटून पुन्हां पुन्हां आंतच परततो व दुसऱ्या टोंकाशीं बाहेर पडतो. १९७९ च्या सुमारास अमेरिकेंत अरिझोना येथें 'मेडुसा' नांवाच्या यंत्रांत प्रथम असे तंतु दुर्बिणीच्या केंद्रापाशीं एकेका तारकाविश्वाच्या जागीं बसविले. पुढें न्यू मेक्सिकोंतील स्लोन पाहणींत धातूच्या पत्र्याला भोंकें पाडून ६४० तंतु माणसें हातानें खोंचीत असत. आणि अरिझोनांतील किट पीक येथें २०२१ सालीं सुरू झालेल्या 'डेसी' या पाहणीकरितां ५,००० तंतु यांत्रिक हातांनीं आपापल्या जागीं नेण्याची योजना झाली.

पण तंतु बसविला म्हणजे काम झालें असें नाहीं. मोठ्या दुर्बिणीचा प्रकाश बहुधा सडपातळ शंकूच्या आकारानें केंद्राकडे येतो. असा सडपातळ शंकु तंतूंत शिरला तर तंतूच्या बारीकसारीक वांकांमुळें तो बाहेर पडतांना बराच जाड होऊन पसरतो, आणि पसरलेला प्रकाश पुढच्या यंत्राच्या भिंगाबाहेर सांडतो. शंकु आधींच योग्य तितका जाड करून आंत घातला तर ही हानि पुष्कळ कमी होते. फार जाड केला तर मात्र किरण कवच भेदून निसटतात. दुसरी अडचण अशी कीं, गोल तंतु कितीही दाटीनें रचले तरी मधें फटी राहतातच, व तेथें पडलेला प्रकाश फुकट जातो. या दोन्ही अडचणींवर तोड म्हणून तंतूच्या तोंडाशीं एक मिलिमीटरहूनही लहान भिंग बसवितात. षट्कोनी भिंगें मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें एकास एक चिकटून बसतात, त्यांच्यामध्यें फट उरत नाहीं. प्रत्येक भिंग आपल्या वांट्याचा प्रकाश गोळा करून, योग्य जाडीचा शंकु करून, मागच्या तंतूच्या गाभ्यांत सोडतें. तंतु आणि भिंग यांचे मध्य मिलिमीटरच्या कांहीं हजारांश भागाइतके अचूक जुळावे लागतात. जरा चुकलें कीं प्रकाश कवचावर पडला.

पुणें येथील आयुका या संस्थेनें नैनितालजवळील देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीसाठीं अशाच एका यंत्राचा आराखडा केला आहे. त्यांत सोळा जुडगे, दर जुडग्यांत १४४ सूक्ष्म भिंगें व तितकेच तंतु, म्हणजे एकंदर २,३०४ तंतु योजिले आहेत. एकेका जुडग्यानें एकेक तारकाविश्व व्यापावें आणि त्याच्या भागाभागाचा वर्णपट एकाच वेळीं मिळावा, अशी ती योजना आहे. असलें भिंग घडवितांनाही कांच आधीं मोजावी लागते, आणि कांचेच्या कारखान्यांच्या याद्यांत कांचेचें वक्रीभवन आजही सी, एफ अशा फ्राउनहोफरच्याच अक्षरांखालीं छापलेलें असतें.

असे शेंकडों तंतु दुर्बिणीपासून निघून दूर, स्थिर ठेविलेल्या यंत्रापाशीं येतात. दुर्बिणीपाशीं ते कसेही पसरलेले असले तरी येथें मात्र ते एका उभ्या ओळींत, एकाखालीं एक, असे लावितात. त्या ओळीची एक अरुंद प्रकाशाची फट होते, बेनेडिक्टबॉयर्नच्या झडपेंतील फटीसारखी. आणि तिच्यापुढें वर्णपट उलगडण्यासाठीं बहुधा लोलक नसतो, सूक्ष्म रेघांची जाळी असते.